त्रैक्याची सोयरीक

शांतवन भालेरावांचं सगळं आयुष्य मोजण्यात गेलं होतं. नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. बेअरिंग असो की साधा वॉशर, रॅकवर जे असायला हवं ते नसलं की त्यांचा पारा चढे, आणि मग शिपायापासून मॅनेजरपर्यंत कुणाची धडगत नसे. एका मापाच्या जागी दुसऱ्या मापाचा नट चालवून घेणारा माणूस त्यांच्या लेखी चोरापेक्षा वाईट. आणि असा हा काटेकोर गृहस्थ दर शनिवारी संध्याकाळी शरणपूरच्या चर्चमध्ये पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेई आणि छातीठोकपणे सांगे, की पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे, आणि तरीही देव तीन नाहीत, एकच आहे.

"स्टोअरमध्ये तीनच्या जागी एक बेअरिंग निघालं तर घर डोक्यावर घेता," त्यांच्या पत्नी वत्सलाबाई म्हणायच्या. "देवाच्या बाबतीत बरं चालतं तुम्हाला."

"तो हिशेब वेगळा."

"वेगळाच म्हणायचा."

शांतवनराव अशा बोलण्याने रागावत नसत. त्रैक्य हा त्यांचा खास प्रांत होता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांत कोण कुठून निघतो, कोण कुणाला पाठवतो, हे त्यांना तोंडपाठ. चर्चमध्ये नवा पाळक आला की पहिल्या महिन्यातच त्याची या विषयावर परीक्षा होई, आणि बिचाऱ्याला ती परीक्षा होती हे फार उशिरा कळे.

त्यांची एकुलती एक मुलगी तृप्ती एका दवाखान्यात नर्स होती. अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तिने घरी सांगितलं, की तिला दिनेशशी लग्न करायचं आहे. दिनेश त्यांच्याच कारखान्यातला टर्नर. लेथवर त्याचं बोट कापलं तेव्हा "माझी मुलगी आहे तिथे, जा, नाव सांग" असं म्हणून शांतवनरावांनीच त्याला दवाखान्यात धाडलं होतं. आता तक्रार कुणाकडे करणार?

पण तक्रार नव्हतीच. मुलगा शांत, कामाला चोख, आणि मुख्य म्हणजे ख्रिस्ती. सुरगाण्याकडच्या डोंगरातला, भाताची आणि नागलीची शेती करणाऱ्या घरातला. मिशनच्या काळातली जुनी घराणी डोंगरातल्या या नव्या मंडळींकडे जरा वरूनच बघतात. शांतवनरावांनी तसं बघितलं नाही, आणि आपण तसं बघितलं नाही याचं त्यांना मनातल्या मनात बरंच कौतुकही वाटलं. त्यांनी दिनेशला चहाला बोलावलं, खारी पुढे केली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाप्तिस्मा कुणी दिला तुला?"

"बाबांनीच दिला. नदीत."

"वडिलांनी? वा. आणि कुणाच्या नावाने?"

"येशूच्या."

शांतवनराव थांबले. "आणि?"

"आणि काय, साहेब? येशूच्याच."

खारी कपात पडली. हळूहळू उलगडा झाला तो असा. दिनेशच्या वडिलांना, पुंजारामांना, गुजरातच्या बाजूने आलेल्या एका उपदेशकाने ख्रिस्ताची ओळख करून दिली होती, आणि त्या उपदेशकाची शिकवण अशी, की देव एक म्हणजे एकच. पिता, पुत्र, आत्मा ही तीन माणसं नव्हेत, एकाच येशूची ती कामं. बाप्तिस्मा द्यायचा तोही फक्त येशूच्या नावाने. पुंजारामांनी गावातल्या पाचसात घरांची मंडळी उभी केली होती, आणि ती सगळी अशीच नदीत बुचकळून काढलेली.

त्या रात्री शांतवनरावांना जेवण गेलं नाही. सकाळी उठून ते पाळकांकडे गेले. पाळकसाहेब तरुण होते, भालेरावांच्या परीक्षेत जेमतेम उत्तीर्ण झालेले. ते म्हणाले, "आपला नियम साधा आहे. पिता, पुत्र आणि आत्मा, तिघांना हाक मारून दिलेला बाप्तिस्मा आम्ही मानतो. मग तो कुणी का दिलेला असेना, नदीत का विहिरीत. पण तिघं नसतील तर तो बाप्तिस्माच नव्हे. मुलाला पुन्हा घ्यावा लागेल. पाचदहा मिनिटांचं काम आहे."

काम पाचदहा मिनिटांचं होतं, पण दिनेश तयार होईना. एरवी मान खाली घालून बोलणारा मुलगा, या वेळी सरळ डोळ्यांत बघून म्हणाला, "साहेब, मला बाबांनी स्वतः धरलं होतं पाण्यात. मी आता पुन्हा घेतला, तर ते काय होतं? आंघोळ?"

शांतवनराव तृप्तीकडे वळले तर ती म्हणाली, "तो म्हणतो ते बरोबर आहे. तुम्हीही बरोबर असाल. लग्न करीन तर त्याच्याशी, आणि चर्चमध्ये. नाही जमलं तर राहीन तशीच." आदळआपट नाही, रडारड नाही. तिने हे भाजी निवडता निवडता सांगितलं, आणि म्हणूनच शांतवनरावांनी ते खरं मानलं. पोरीचा स्वभाव त्यांच्यावरच गेला होता. एकदा माप ठरलं की ठरलं.

मग त्यांनी ठरवलं, की मुळावरच घाव घालायचा. सुरगाण्याला जायचं, पुंजारामांना समोर बसवायचं आणि त्रैक्य समजावून सांगायचं. दोन तासांत माणूस वळणार, आणि वडीलच वळले की मुलगा आपोआप वळेल. पाळकांनी जाताना एवढंच बजावलं, "भालेरावसाहेब, उदाहरणं मात्र देऊ नका. त्रैक्याचं उदाहरण दिलं की माणूस पाखंडात घसरलाच म्हणून समजा."

डिसेंबरातल्या एका रविवारी उपासना आटोपून शांतवनराव, वत्सलाबाई, तृप्ती आणि दिनेश असे चौघं सीबीएस स्टँडवरून सुरगाण्याच्या एसटीत बसले. पाळकांचं बोलणं शांतवनरावांनी दिंडोरीपर्यंत पाळलं. पुढे त्यांना राहवेना. ते दिनेशला म्हणाले, "हे बघ, तू टर्नर आहेस, तुला कळेल. आपल्या मशीनला थ्री फेज सप्लाय असतो की नाही? फेज तीन, पण वीज एक, मोटर एक."

दिनेशने थोडा विचार केला. "पण साहेब, एक फेज गेली तर मोटर जळते."

वत्सलाबाई खिडकीबाहेर बघून हसू लागल्या. पुढच्या सीटवरचे एक टोपीवाले गृहस्थ बराच वेळ कान देऊन ऐकत होते. दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती. ते मागे वळून प्रेमाने म्हणाले, "पाव्हणं, एवढं कशाला डोकं शिणवता? तीन तोंडं, एक देव. आमचे दत्तमहाराजच की हे."

"नाही, नाही. तसं नाही ते."

"मंग कसं?"

शांतवनरावांनी सांगायला सुरुवात केली. वणी येऊन गेलं, घाट आला, आणि ते गृहस्थ अधूनमधून मान हलवत शेवटी झोपी गेले.

सुरगाण्याहून जीपमध्ये कोंबून घेऊन, मग थोडं चालून मंडळी गावात पोचली तेव्हा दुपार कलायला लागली होती. कुडाचं घर, सारवलेलं अंगण, अंगणात नवीन घोंगडी अंथरलेली. पुंजाराम काटक, उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी शांतवनरावांचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. दिनेशची आई कुसाबाई तृप्तीला जवळ घेऊन तिच्याकडे नुसती बघत राहिली. घरात कोंबडीचा रस्सा शिजत होता आणि त्याचा वास साऱ्या अंगणभर पसरला होता.

शांतवनरावांना वाटलं, आधी जेवून घ्यावं. पोट शांत असलं की माणूस लवकर वळतो. पण पानं वाढून झाली, नागलीच्या भाकरी आल्या, वाफाळता भात आला, खुरासणीची चटणी आली, आणि तिथेच घोटाळा झाला. दोन्ही घरांचा रिवाज एकच, की प्रार्थनेशिवाय घास उचलायचा नाही आणि सगळ्यांनी आमेन म्हटल्याशिवाय प्रार्थना पुरी होत नाही. पाहुण्याचा मान म्हणून पुंजाराम म्हणाले, "करा तुमी प्रार्थना."

शांतवनरावांनी केली. आणि शेवट नेहमीप्रमाणे खणखणीत आवाजात केला, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. आमेन."

त्यांच्या बाजूची माणसं आमेन म्हणाली. पुंजाराम गप्प राहिले. नवरा गप्प म्हणून कुसाबाई गप्प. दिनेशने आमेनचा आ काढला आणि वडिलांकडे बघून गिळला.

"कमी पडलं का काही?" शांतवनरावांनी विचारलं.

"जास्त झालं," पुंजाराम म्हणाले. "मी करतो." आणि त्यांनी डोळे मिटून दोन वाक्यांत प्रार्थना उरकली, "येशूच्या नावानं. आमेन."

आता शांतवनराव गप्प. कारण हे मोकळ्या मनाने म्हटलेलं "येशूच्या नावाने" नव्हतं. हे त्यांची दोन नावं पानातून काढून टाकून म्हटलेलं होतं, आणि त्याला आमेन म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा नट आपल्या रॅकवर ठेवून घेणं.

मग वाद सुरू झाला. बायबलातलं वचनामागून वचन निघालं. शांतवनराव म्हणत, येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र नदीत उभा होता, आत्मा वरून उतरत होता आणि पिता आकाशातून बोलत होता, मग एकच असेल तर तो तीन ठिकाणी कसा? पुंजाराम म्हणत, देव सगळीकडं हाय, तीनच ठिकाणी कशाला, हजार ठिकाणी ऱ्हाईल. शांतवनराव म्हणत, येशू बापाची प्रार्थना करायचा, ती काय स्वतःचीच? पुंजाराम म्हणत, मला बघितलं त्यानं बापाला बघितलं असं तोच म्हनला, ते काय खोटं? दोघंही हार मानणारे नव्हते. रश्श्यावर तवंग जमायला लागला. भाकरी कडक झाल्या. गावातलं एक कुत्रं मोठ्या आशेने कुंपणाशी येऊन बसलं.

शेवटी शांतवनरावांना पाळकांच्या सूचनेचा पुरता विसर पडला. त्यांनी आत चुलीकडे बोट केलं. "ते बघा. दगड तीन, चूल एक."

पुंजाराम वळून चुलीकडे बघू लागले. उत्तर कुसाबाईनेच दिलं. "त्यातला एक सरकला तं भांडं कलंडतं, दादा."

"मंग आमचा देव कलंडनार काय?" पुंजाराम म्हणाले.

तृप्तीला हसू आवरेना. दिनेशही पदर नसल्यामुळे रुमालात तोंड लपवू लागला. पण वत्सलाबाई हसल्या नाहीत. त्यांना भूक लागली होती, आणि भुकेल्या वत्सलाबाईंपुढे पाळकसुद्धा उपदेश आवरता घेत असत.

"पुरे झाली वचनं," त्या म्हणाल्या. "दोघांनाही पाठ आहेत, कळलं आम्हाला. आता मला एवढंच सांगा, तुम्हाला हे हवं कशाला? पुंजारामभाऊ, तुम्ही सांगा. देव एकच असला तर तुमचं काय भलं होतं?"

पुंजाराम मिशीवरून हात फिरवत बसले.

"बाई, मी पहिला भगत होतो," ते म्हणाले. "माझा बापबी भगत. आमच्याकडं देव लय. डोंगराचा येगळा, वाघाचा येगळा, शेताचा, पान्याचा, आजारपनाचा. कोन रुसला ते मी वळखायचो. माझा भाऊ आजून करतो ते, त्याचं त्याला लखलाभ, आमचं भांडान नाय. पन मला ते सोसंना. एकाला द्यावं तं दुसरा रुसंल का काय, ह्या भ्यानं मला झोप नव्हती. गावात कुनाचं पोर तापलं तरी वाटायचं, माझंच कुनाला द्यायचं राहिलं. आनि मंग त्यो मानूस आला आनि म्हनला, एकच हाय रे. एकच. त्याला सगळं ठावं हाय. त्या दिवशी मी असा झोपलो का हिनं दुपारी हालवून उठवला. आता तुमी शहरातून येता आनि म्हनता, एक नाय, तीन. मला पुन्ना त्या भ्यात लोटता काय?"

शांतवनरावांना खरोखर वाईट वाटलं. आपण या माणसाला पाखंडी समजत होतो आणि हा तर घाबरला होता. त्रैक्यावर इतकी वर्षं बोलत असूनही कुणाला त्याची भीती वाटू शकेल, हे त्यांच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आणि तुम्ही?" वत्सलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला तीन कशाला हवेत?"

"वत्सला, हवेत म्हणजे काय, सत्यच तसं..."

"सत्य राहू द्या बाजूला. तुम्हाला कशाला?"

शांतवनराव समोरच्या पानाकडे बघू लागले. ही गोष्ट त्यांनी वर्गातल्या पोरांना कधी सांगितली नव्हती, पाळकांनाही नाही, आणि खरं म्हणजे बायकोलाही धड नाही.

"मला आईबाप आठवत नाहीत," ते म्हणाले. "मिशनच्या बोर्डिंगात वाढलो. सुट्टी लागली की सगळी पोरं घरी जायची. मी आणि आचारी, दोघंच मागे उरायचो. तेव्हा मला वाटायचं, देवसुद्धा असाच असणार. एवढं मोठं आभाळ आणि त्यात एकटा. मला त्याची दया यायची." ते जरासे हसले. "मग मास्तरांनी वर्गात सांगितलं, देव कधीच एकटा नव्हता. जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हाही बाप होता, मुलगा होता, आणि दोघांमधली माया होती. देवाच्या घरात पहिल्यापासून माणसं होती. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, मग त्या घरात आपल्यालाही जागा असेल. पुंजारामभाऊ, तुम्ही त्यातली दोन काढून टाकलीत की देव पुन्हा त्या बोर्डिंगात एकटा उरतो. मला ते सोसत नाही."

तृप्तीने वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं. पुंजारामांनी जागेवरूनच हात लांब केला आणि शांतवनरावांच्या गुडघ्यावर ठेवला.

"एकटा नसंल त्यो," ते म्हणाले. "एवढं मी मानतो."

"आणि भांडणारे तीन नसतील," शांतवनराव म्हणाले. "एवढं मीही मानतो. कुणी कुणावर रुसत नाही तिथे."

दोघांची मनं मोकळी झाली, पण गाडं मूळ जागीच अडलं होतं. शांतवनरावांनी ते हळुवारपणे पुढे ढकललं. चर्चचा नियम असा आहे, त्यात तुमचा अपमान नाही, पण बाप्तिस्म्याच्या वेळी तिघांचंही नाव घेतलेलं असावं लागतं. तुम्ही घेतलं नाहीत. म्हणून मुलाला फक्त...

"नाय घेतलं," पुंजाराम म्हणाले. "येशूच्याच नावानं दिला. ते खोटं कसं सांगू?"

"तसं नव्हतं बोललं तुमी," कुसाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती दारात बसली होती.

"मी काठावरच होती ना, याचे कपडे धरून. मी ऐकलं की. बाकीच्यांना दिला तवा बोलला तसं, येशूच्या नावानं, येशूच्या नावानं. याच्या येळंला नाय."

"काय बोलतेस? तसंच बोललो."

"नाय." कुसाबाई शांतवनरावांकडे वळली. "दादा, त्या साली हा मरताना वाचला. ताप डोक्यात गेल्ता. ह्यांनी खांद्यावर टाकून सुरगान्याला नेला, पार डोंगर उतरून. बरा झाला तवा नदीवर नेला. पान्यात धरला आनि हे रडाय लागले. त्या मानसानं शिकवलेलं सगळं इसरले. म्हनले, बापा, तू तुझा पोरगा दिलास आमाला, आता हा माझा घे तुझ्या पोराच्या नावानं. आनि तुझं वारं याच्यात ऱ्हाऊ दे, हा तापानं लय झिजलाय. आसं म्हनले आनि बुडवला."

"तू ऐकलंस का रे?" शांतवनरावांनी दिनेशला विचारलं.

"मी पाण्यात होतो, साहेब."

शांतवनराव बोटांवर मोजू लागले. बाप. आला. पोरगा. आला. राहिलं ते तिसरं. "आत्मा म्हणाले नाहीत?"

"आत्मा का काय ते आमाला तवा कुठं ठावं? वारं म्हनले. भगताच्या अंगात वारं येतं ना, तसं देवाचं वारं."

शांतवनरावांच्या आतला स्टोअरकीपर क्षणभर जागा झाला. पवित्र आत्म्याच्या रकान्यात वारं कसं घ्यायचं? सगळ्या नाशिकच्या चर्चमध्ये असा शब्द कुणी ऐकला नसेल. मग त्यांना खांद्यावर आजारी पोर घेऊन डोंगर उतरणारा माणूस दिसला, आणि त्या पोरात श्वास राहावा म्हणून त्याने देवाकडे काय मागितलं ते कळलं. वरचं लेबल गावठी असेल, आतला माल अस्सल होता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बदली वस्तू तक्रार न करता आत घेतली.

"आले," ते म्हणाले. "तिघंही आले. अहो, बाप्तिस्मा झालेला आहे मुलाचा."

तृप्तीने डोळे मिटून श्वास सोडला. वत्सलाबाई हात पुढे करून म्हणाल्या, "चला, मग आता..." पण पुंजारामांचा चेहरा उतरला होता. ते घोंगडीवरून उठून उभे राहिले.

"म्हंजी मी चुकलो," ते म्हणाले. "सगळ्या गावाला नीट दिला आनि पोटच्या पोरालाच भलता दिला. आता याला पुन्ना घालावं लागंल पान्यात. ऊठ रे दिनेश. नदी जवळच हाय."

"बाबा," दिनेश म्हणाला, "थंडी किती आहे."

आणि मग वत्सलाबाई पुढे कित्येक वर्षं ज्याला त्याला सांगत राहिल्या ती गोष्ट घडली. दुसरा बाप्तिस्मा व्हावा म्हणून नाशिकहून घाट चढून आलेले शांतवन भालेराव तरातरा उठले, पुंजारामांच्या वाटेत आडवे उभे राहिले आणि दुसरा बाप्तिस्मा होऊ नये म्हणून भांडू लागले.

"पुन्हा कशाला? तुम्ही दिलात तो काय, आंघोळ होती?"

"पन मी चुकीचं बोललो."

"चुकीचं कसलं? यापेक्षा बरोबर मी आजवर ऐकलं नाही. बरं, मला एक सांगा. खरं सांगा. नदीत उभे होता, मुलाला धरलं होतं, ते सगळं म्हणालात. तेव्हा तुमच्या मनात देव किती होते?"

पुंजारामांना या प्रश्नाचा रागच आला. "किती म्हंजी? एकच. मी एकाशीच बोलत होतो. तिघांशी कोन बोलंल आशा येळंला?"

"तेच तर," शांतवनराव म्हणाले. "अहो, आम्ही तरी दुसरं काय म्हणतो?"

पुंजाराम त्यांच्याकडे बघत राहिले. मग नदीच्या दिशेने बघितलं. मग मुलाकडे. आणि हळूहळू त्यांच्या पांढऱ्या मिशा हलायला लागल्या, आणि ते इतक्या जोरात हसले, की कुंपणाशी बसलेलं कुत्रं उठून पळालं.

पाळकसाहेबांनी नंतर "वारं" या शब्दावर बरीच खळखळ केली. पण भालेरावांनी त्यांना दोन शनिवार समोर बसवून घेतलं, आणि दुसऱ्या शनिवारी ते दमून हो म्हणाले. ईस्टर झाल्यावर लग्न लागलं. हे सगळं पुढचं.

त्या दुपारी मंडळी पुन्हा पानांवर बसली. कुसाबाईने रस्सा गरम करून आणला. प्रार्थना कुणी करायची यावर आता कुणी वाद घातला नाही. पुंजारामांनी शांतवनरावांकडे बघून मान हलवली.

शांतवनरावांनी डोळे मिटले. "हे बापा," ते म्हणाले, आणि तिथेच थांबले. हा शब्द त्यांनी चर्चमध्ये हजारो वेळा खणखणीत उच्चारला होता. पण असं घरच्या अंगणात, गरम भातापुढे, माणसांच्या पंगतीत बसून बाप म्हणून हाक मारण्याची सवय त्यांना लागलीच नव्हती. ते पुढचं शोधू लागले, आणि पुढचं काही सापडेना.

मग पुंजारामांनी ती प्रार्थना उचलली. "बापा," ते म्हणाले, "ह्यो एकटा वाढला. आता नाय."

एवढंच. कुणाच्याही नावाने शेवट केला नाही. आमेन मात्र सगळे एकदम म्हणाले, आणि त्यात शांतवनरावांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

सगळे जेवू लागले. मग शांतवनरावांनी डोळे पुसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि पानाकडे बघतच म्हणाले, "व्याही, जरा मीठ सरकवता का इकडे?"